गुरगुरती आणि मुकी

मंडणगडात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून मला वीसेक वर्षं झाली. सुरुवात डीटीपीने केली होती: लग्नपत्रिका, हँडबिलं, पूजेची आमंत्रणं. मग एकेकाचे बिघडलेले सीपीयू टेबलाखाली येऊन बसू लागले आणि पत्रिकांचं टेबल कोपऱ्यात सरकलं. (सीपीयू म्हणजे खरं तर आतला प्रोसेसर, पण आमच्याकडे अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणतात. मीही आता तेच म्हणतो.) इथे कॉम्प्युटर बंद पडला की माणसापुढे दापोली, खेड नाहीतर मी. घरचं कोणी मुंबईला निघालं असेल तर लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार.

गेली आठ-दहा वर्षं एक प्रश्न रोज येतो. "हार्ड डिस्क टाकू की एसएसडी?" पूर्वी मी एका दमात उत्तर द्यायचो. आता उलट विचारतो, "तुमच्याकडे लाइट किती वेळा जाते? आणि ह्यात असं काय आहे, की जे गेलं तर घरात जेवण होणार नाही?" लोक चमकतात. दोन वस्तूंमधली चांगली कोणती एवढंच त्यांना हवं असतं. पण मी ज्या चुका केल्या त्या चांगली वस्तू निवडूनच केल्या आहेत.

१. "स्लो झालाय" म्हणजे बहुधा डिस्क

एक निवृत्त गुरुजी सीपीयू गोणपाटात गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवून घेऊन आले. व्हायरस शिरलाय, असं त्यांचं निदान. मुंबईचा पुतण्या म्हणाला होता, काका, भंगारात टाका. मी चालू केला. विंडोजचा पडदा यायला अडीच-तीन मिनिटं, आणि पडदा आल्यावरही बाण नुसता गोल फिरतोय. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर सात टक्के, मेमरी निम्मी, आणि डिस्क शंभर टक्के. तो शंभरचा आकडा लाल होऊन तसाच बसलेला.

गुरुजींना समजावलं ते इथेही सांगतो. हार्ड डिस्कच्या आत तबकड्या फिरतात, मिनिटाला ७२०० फेरे. म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी हेडचा दांडा योग्य पट्ट्यावर जायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. सगळं मिळून बारा-तेरा. सेकंदाला पाऊणशे-ऐंशी वेळाच ही डिस्क वेगवेगळ्या जागी जाऊन येऊ शकते. आणि विंडोज सुरू होताना तर तिला हजारो ठिकाणचे बारीक बारीक तुकडे हवे असतात.

"गुरुजी, तुमच्या बागेत एकच गडी आहे आणि एकच झेला. दोनशे कलमांवरचा एकेक आंबा काढायचाय, आणि तोही मी सांगेन त्या क्रमाने. पहिला खालच्या दळ्यातला, दुसरा वरच्या बांधावरचा. गडी कितीही चपळ असला तरी दिवस चालण्यातच जाणार."

एसएसडीत चालणंच नाही. फिरतं काही नाही, दांडा नाही. बारीक तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहून लवकर हातात येतो. म्हणून फरक कुठे पडतो ते नीट बघायला हवं. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर आजची हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबी देते आणि साधी साटा एसएसडी पाचशे-साडेपाचशे. म्हणजे तीन-चार पट. पण विखुरलेल्या तुकड्यांत हा फरक शंभर पटींच्याही पुढे जातो. सिनेमा बघताना दोन्ही सारख्याच. कॉम्प्युटर सुरू करताना, एक्सेल उघडताना, अँटीव्हायरस मागे कुरतडत असताना जमीन-अस्मानाचा फरक.

ह्याचा अर्थ हार्ड डिस्क गावंढळ वस्तू आहे असा नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क काढली तेव्हा २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका कपाटात घातल्या होत्या, आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरं मावत होती. आज मोबाइलमधल्या दोन फोटोंना तेवढी जागा लागते. तिथपासून चार टेराबाइट एका डब्यात येईपर्यंत हेड तबकडीच्या इतकं जवळ आलं, की मधलं अंतर आता काही नॅनोमीटर राहिलंय. ही कारागिरी कमी दर्जाची म्हणायला माझी जीभ वळत नाही.

गुरुजींच्या सीपीयूला २४० जीबीची एसएसडी लावली. पडदा वीस सेकंदांत आला. ते काही बोलले नाहीत. पेटीला कान लावून बसले. मग म्हणाले, "चालू आहे ना नक्की? गुरगुर ऐकू येत नाही."

२. जुन्या बोर्डाला लाजू नये

"पोर्टच जुना आहे, एसएसडी लावून काय उपयोग?" असं दुकानात बसलेलं कोणीतरी नेहमी म्हणतं. एच ६१ चिपसेटचे बोर्ड आमच्याकडे ढिगाने आहेत, आणि त्यांना साटाचे पोर्ट तीन गिगाबिटचेच. म्हणजे एसएसडीचा सलग वेग निम्मा होतो. होऊ दे. गडी चालायचा थांबला हाच खरा फायदा, आणि तो पूर्ण मिळतो.

उलटी चूक मी स्वतः केली आहे. एका नव्या बोर्डावर बोटभर लांबीच्या पट्टीची, एमडॉटटू म्हणतात ती, जागा दिसली म्हणून घाईघाईत मुंबईहून एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जातीची, पट्टी मागवली. ती जागा साटा पट्टीसाठी होती. पट्टीची खाच जुळेना. परत पाठवण्यात पंधरा दिवस गेले. तेव्हापासून बोर्डाचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय ऑर्डर देत नाही. बाकी एनव्हीएमई सेकंदाला साडेतीन हजार एमबी देते हे खरं असलं तरी, टायपिंग आणि सातबारा काढणाऱ्याला साडेपाचशे आणि साडेतीन हजार ह्यातला फरक डोळ्याला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. विंडोज १० ची साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, आणि विंडोज ११ ला कंपनीच्या नियमाप्रमाणे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. एसएसडी लावून कॉम्प्युटर पळेल, त्याचं वय कमी होणार नाही.

३. भाव कागदावर लिहून देऊ नये

२०११ च्या ऑक्टोबरात एका शाळेला दहा कॉम्प्युटरचं कोटेशन दिलं. महिनाभर भाव तोच राहील, असं सही-शिक्क्यासह. त्याच महिन्यात थायलंडात पूर आला. अयुथयाच्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या, आणि जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा हिस्सा तिथेच तयार होत होता हे मला तेव्हा कळलं. मुंबईचा व्यापारी फोनवर आज एक भाव सांगे, उद्या दुसरा. बघता बघता डिस्क जवळपास दुप्पट झाली. शाळेची ऑर्डर आली. शब्द दिला होता, पाळला. त्या वर्षी घरच्यांना दिवाळीला कपडे घेतले नाहीत, आणि त्याचं कारण थायलंडचा पाऊस आहे हे बायकोला आजही पटलेलं नाही.

एसएसडीचंही तेच. चिपा बनवणारे जगात मोजके. तिकडे कोणी शिंकलं की इकडे भाव वाढतो. आता मी कोटेशनवर "भाव आजचा" एवढंच लिहितो.

४. आधी लाइट बघा, मग डिस्क

मे संपत आला, वळीव पडू लागला की आमच्याकडे लाइटचा खेळ सुरू होतो. तारेवर फांदी पडते, डीपीचा फ्यूज उडतो, वायरमन भिजत येऊन जोडून जातो, तो पाखाडी उतरेपर्यंत पुन्हा अंधार. लाइट जाते तेव्हाचं नुकसान वेगळं आणि येते तेव्हाचं वेगळं. येताना ती एकदम उसळी मारून येते, आणि सीपीयूतला एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, पहिला बळी जातो.

लाइट जाण्याच्या क्षणी हार्ड डिस्क एक फार सुंदर गोष्ट करते. वीज तुटली तरी तबकड्या आपल्या जोरावर क्षणभर फिरत असतात. त्या फिरण्यातूनच मोटर जनित्रासारखी वीज देते, आणि तेवढ्या विजेवर हेड सुखरूप कडेला जाऊन बसतं. कोणाच्याही मदतीशिवाय.

एसएसडीकडे फिरतं काही नसल्याने ही सोय नाही. तिच्या आत एक वही असते असं समजा. कोणता मजकूर कोणत्या चिपेच्या कोणत्या कप्प्यात ठेवलाय, ह्याची नोंद. कप्पे सारखे बदलत असतात, म्हणून वहीही सारखी बदलते. लिहिता लिहिता वीज गेली तर वहीचं पान अर्धवट राहू शकतं. सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडींना अशा वेळेसाठी आत कपॅसिटर दिलेले असतात. आपण घरात लावतो त्यांना बहुधा नसतात.

म्हणून कोणी डिस्कसाठी पैसे मोजत असेल तर मी आधी यूपीएस बघतो. असतो. टेबलाखाली, धूळ खात, आणि आतली बारा व्होल्टची बॅटरी फुगून मेलेली. ती दोन-तीन वर्षंच टिकते हे लोकांना माहीत नसतं. यूपीएसचा दिवा हिरवा आहे म्हणजे सगळं ठीक, असं वाटतं.

मग अर्थिंग. सीपीयू चालू असताना त्याच्या मागच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू हलकेच लावायची. झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर उतरतो आणि त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही. आमच्याकडे जांभा. वरून पाऊस कितीही पडो, उन्हाळ्यात तो आतून कोरडा ठणठणीत. खड्डा खणून प्लेट पुरावी लागते, कोळसा आणि मिठाचे थर द्यावे लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये वरून कळशीभर पाणी ओतत राहावं लागतं. एका काकींनी ते पाणी तुळशीच्या क्रमात बसवून घेतलंय. तुळस, मग अर्थिंग. त्यांच्या घरी गेल्या कित्येक पावसाळ्यांत एकही एसएमपीएस उडालेला नाही.

५. भिजलेल्याला वीज दाखवू नये

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग चक्रीवादळ खाडीपलीकडे रायगडात किनाऱ्याला लागलं आणि आमचा तालुका त्याच्या तडाख्यात सापडला. माड-पोफळी आडव्या, कौलं नाहीत, पत्रे कोणाचे कोणाच्या बागेत. विजेचे खांब इतके पडले की कित्येक गावांत उजेड यायला आठवडे लागले. त्यात टाळेबंदी. मोबाइलचे टॉवरही मुके.

त्या महिन्यात दोन मशिनं माझ्याकडे आली, ती विसरत नाही.

पहिलं बाजारातल्या एका ऑफिसातलं. छप्पर गेलेलं, सीपीयूवर पाणी पडलेलं. दोन दिवसांनी कुठून तरी जनरेटर मिळाला, तर "जरा बघू या" म्हणून त्यांनी तो चालू केला. वास आला. हार्ड डिस्कचं खालचं सर्किट जळलं. त्याच मॉडेलची दुसरी डिस्क माझ्याकडे होती, तिचं सर्किट काढून हिला लावलं. डिस्क फिरली, टक्-टक् करू लागली, आणि काहीच वाचेना. तेव्हा शिकलो, की प्रत्येक डिस्कच्या सर्किटवर एका बारीक चिपेत त्या एकाच डिस्कची मोजमापं साठवलेली असतात. सर्किट बदलायचं तर ती चिपही उतरवून लावावी लागते. तेवढा बारीक सोल्डर माझ्या हाताला नाही.

दुसरं वेळासकडचं. कासवं बघायला येणारे पाहुणे घरी ठेवतात ते लोक, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षांच्या पाहुण्यांची नावं-फोन होते. सीपीयूत अक्षरशः चिखल. पण गावात लाइट नव्हती, जनरेटर नव्हता, त्यामुळे तो चालू करायचा मोह होऊनही कोणाला करता आला नव्हता. माझ्याकडे आला तेव्हा तीन आठवडे उलटले होते. एसएसडीचा डबा उघडला. डबा तळहाताएवढा, पण आतलं सर्किट त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच, चार चिपा. आयसोप्रोपिलने जुन्या टूथब्रशने घासलं, खारट पांढरा थर निघाला, शंभरच्या बल्बसमोर चार दिवस ठेवलं, आणि मग जोडलं. पाहुणे सगळे जागेवर.

ह्यावरून एसएसडी पाण्यात टिकते असा नियम मी काढत नाही. हार्ड डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून, आणि पूर्ण बुडाली तर पाणी तिथूनही शिरतं. एसएसडीला भोक नाही, हे खरं. पण त्या दोन मशिनांत फरक डिस्कचा नव्हता. एकाला जनरेटर मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, एवढाच होता.

६. हार्ड डिस्क सांगून मरते

हार्ड डिस्क आजारी पडली की सांगते. कॉपी करताना अडखळते, रात्री शांततेत टिक् टिक् करते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाकून बघितलं की तिच्या स्मार्ट नोंदी दिसतात. त्यातल्या दोनच ओळी मी बघतो: खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर किती, आणि वाचता येईनात म्हणून ताटकळत ठेवलेले किती. पहिला आकडा शून्यावरून सरकला की ग्राहकाला फोन. दुसरा सरकला की मी स्वतः त्याच्या घरी.

एसएसडीचं तसं नाही. लोकांना भीती असते ती झिजण्याची, की लिहून लिहून ती संपेल. हिशेब करून बघा. लहान एसएसडीवर ८० टेराबाइट लिहिण्याची हमी असेल आणि तुम्ही रोज १५ जीबी लिहीत असाल, तर चौदा वर्षांहून जास्त जातात. झिजून मेलेली एसएसडी मी अजून एकही पाहिलेली नाही. ज्या मेल्या त्या काल संध्याकाळी धडधाकट होत्या आणि आज सकाळी बायॉसच्या यादीत त्यांचं नावही नव्हतं.

आमच्या एका हार्डवेअरवाल्या शेठचं तसंच झालं. सकाळी फोन: "भाऊ, स्क्रीनवर इंग्लिशमध्ये दोन ओळी आल्यात, वायच बघून जाता का?" बूट करायला काही सापडत नाही, असा अर्थ. गेलो, केबल बदलली, पोर्ट बदलला, दुसऱ्या मशिनला लावून बघितली. मेलेली. आत टॅलीचा चार वर्षांचा हिशेब.

आता चूक सांगतो. सहा महिन्यांपूर्वी ती एसएसडी मीच बसवली होती. त्यांची जुनी हार्ड डिस्क चांगली होती. ती मी तीनशे रुपयांत बदल्यात घेतली, फॉरमॅट मारली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या सीसीटीव्हीला टाकली. तिच्यावर तोवरचा सगळा हिशेब होता, जसाच्या तसा. शेठना ते आठवलं आणि त्यांनी विचारलंही, अगदी साध्या आवाजात: "ती जुनी कुठे आहे?"

हार्ड डिस्कचं हेड गेलं तरी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत तबकड्या वाचून माहिती काढता येते, पैसे लागतात पण आशा असते. एसएसडीचा कंट्रोलर गेला, तर चिपा सुट्या काढूनही वाचायची मारामार. त्यात मजकूर विखुरलेला, बऱ्याचदा कंट्रोलरनेच आपल्या किल्लीने कुलूपबंद केलेला. मुंबईला पाठवली, तशीच परत आली.

शेवटी सीएकडे मागच्या मार्चपर्यंतचा डेटा निघाला, जीएसटीच्या पोर्टलवरून विक्री जुळवली, आणि उरलेलं शेठच्या सूनबाईंनी बिलबुकांवरून दोन महिने बसून पुन्हा भरलं. माझं बिल शेठनी तरीही दिलं. मी घेतलं नाही, तर गल्ल्यावर ठेवून गेले.

तेव्हापासून नियम: एसएसडी बसवली तरी जुनी डिस्क पेटीतून काढायची नाही. ती तिथेच राहते, दुसऱ्या नंबरवर, आणि रोज रात्री हिशेबाची प्रत तिच्यावर जाते. चांगली असेल तोवर. टिकटिकायला लागली की बदलायची, पण ती जागा रिकामी ठेवायची नाही.

७. डिलीट म्हणजे डिलीट

हार्ड डिस्कवरून चुकून उडवलेले फोल्डर परत आणण्यात माझं थोडं नाव होतं. तिथे डिलीट केलं की फक्त नोंद खोडली जाते, मजकूर त्या जागी दुसरं काही लिहीपर्यंत तसाच असतो. त्यामुळे एक फोटोग्राफर घाबराघुबरा होऊन आला, "हळद आणि लग्न, दोन्ही फोल्डर उडाले, रिसायकल बिनपण रिकामी केली," तेव्हा मी त्याला चहा मागवला. म्हटलं, बस, तासाभरात देतो.

प्रोग्रॅम लावला. यादी आली. हळद ००१, हळद ००२, नऊशे चौदा नावं, सगळ्यांपुढे हिरवा ठिपका. त्याच्या चेहऱ्यावर रक्त आलं. पहिला फोटो उघडला. उघडेना. दुसरा. उघडेना. शेवटी फाइल कच्च्या रूपात उघडून आतले आकडे बघितले. शून्य. वरपासून खालपर्यंत, ओळीच्या ओळी, नुसती शून्यं. नावं होती आणि आत कोणीही नव्हतं.

ती एसएसडी होती. विंडोज ७ पासून एक सोय आहे, ट्रिम. फाइल उडवली की विंडोज एसएसडीला लगेच कळवतं, की हे कप्पे आता मोकळे. एसएसडीला जुन्यावर थेट लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. म्हणून ती फुरसतीत पुसून ठेवते आणि पुढचं लिहिणं जलद होतं. वेगासाठी ती सोय उत्तमच. पण त्या दिवशी चहा दोघांचाही गार झाला.

आता तो फोटोग्राफर काम एसएसडीवर करतो, कारण एडिटिंगला तिला पर्याय नाही. पण कॅमेऱ्याची कार्डं तो अल्बम घरपोच होईपर्यंत रिकामी करत नाही, आणि रोज संध्याकाळी सगळं चार टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर जातं.

८. बंद घराला वेगळा हिशेब

तालुक्यात कितीतरी घरं गणपतीला उघडतात, मग शिमग्याला, मग मेमध्ये. मधले महिने कुलूप. चाकरमान्यांनी मुलांसाठी आणून ठेवलेले डेस्कटॉप त्यात बंद असतात. एसएसडीत मजकूर म्हणजे बारीक कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. वीज नसताना तो हळूहळू पाझरतो. घरगुती एसएसडीबद्दल जेडेक ह्या संस्थेचा निकष असा, की लिहिण्याची मर्यादा पूर्ण संपल्यावरही ३० अंश तापमानात, विजेविना, एक वर्ष मजकूर टिकला पाहिजे. नवीकोरी असेल तर पुष्कळ जास्त टिकते. पण पत्र्याच्या छपराखाली, मेच्या उकाड्यात, वर्षानुवर्षं कपाटात ठेवण्याची ही वस्तू नव्हे. घरातले जुने फोटो अशा एकाच एसएसडीवर ठेवून कुलूप लावू नये.

हार्ड डिस्कला तो धोका नाही, पण कोकणची हवा तिलाही सोडत नाही. पावसाळा बंद घरात काढलेली डिस्क गणपतीत दिसत नाही अशी तक्रार आली की मी आधी स्क्रू काढून खालचं सर्किट सुटं करतो. आत मोटरला टेकणारे ठिपके काळे पडलेले असतात. शाळकरी पोरांचा खोडरबर घेऊन ते घासतो. बऱ्याच डिस्क तेवढ्यावर उठून बसतात. रॅमलाही तोच खोडरबर. एकदा एसएमपीएसमध्ये पालीची अंडी निघाली. त्याला खोडरबर चालत नाही.

९. दोन टेराबाइट, नऊशे रुपये

असं काही दिसलं तर घेऊ नका. एकाने आणलेला डबा मी उघडला: आत एक मेमरी कार्ड, गोंदाने चिकटवलेलं, आणि वजनासाठी लोखंडी नट. विंडोजला तो दोन टेराबाइट दाखवत होता. लिहीत होता, मग पहिल्याच जागेवर पुन्हा लिहीत होता. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम पूर्ण जागा भरून परत वाचून बघतो. नवीन काहीही आलं की मी रात्रभर तो लावून ठेवतो.

१०. एक डिस्क जी मी फेकत नाही

सीसीटीव्हीला हार्ड डिस्कच, कारण तिथे चोवीस तास सलग लिहिणं आहे आणि गड्याला उड्या मारायच्या नाहीत. रोजच्या वापराला एसएसडीच. जपून ठेवायचं ते दोन ठिकाणी, त्यातली एक जागा घराबाहेर, शक्यतो मुंबईच्या भावाकडे. एवढं पाठ आहे, ग्राहकाला दोन मिनिटांत सांगतो.

पण दुकानात काउंटरखाली एक १६० जीबीची जुनी डिस्क आहे. डॉकवर लावली की आधी कुंथते, मग गुरगुरायला लागते. तिच्यावर डीटीपीच्या दिवसांतल्या पत्रिका आहेत, जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट टाकल्याशिवाय त्या उघडल्या की नुसती किडामुंगी दिसते. सगळ्यांच्या प्रती एसएसडीवर केल्या आहेत, तरी मी तीच लावतो. कदाचित आवाजासाठी.

गेल्या महिन्यात कुंबळ्याकडचे एक काका आले. धाकट्या मुलाचं लग्न. "आमच्या थोरल्याच्या लग्नाची पत्रिका तुम्हीच केली होतीत. तश्शीच करा. नावं तीच, क्रम तोच, नाहीतर भावकीत बोंब होते." २००६ ची फाइल सापडली. पडद्यावर निमंत्रकांची यादी उभी राहिली, बावीस नावं. काकांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवत खाली यायला लागले.

"ह्यांच्या मागे कै. लावा." लावलं. "ह्यांच्याही." लावलं. बोट थोडं खाली सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. मधे एकदा म्हणाले, "हा आहे, हा आहे." डिस्क खाली गुरगुरत होती. अकरा वेळा कै. टाइप करून झाल्यावर बोट धाकट्या भावाच्या नावाशी आलं. तिथे ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी बॅकस्पेसवर बोट ठेवून बसलो.

"लावा," म्हणाले.

फाइल सेव्ह केली. मग दुसऱ्या डिस्कवरही.